पहिलं दळण

कंडक्टर मामा लग्नाच्या पंगतीला स्वतःची भाकर घेऊन येत. तिकिटांच्या जुन्या बॅगेच्या मापाची एक कापडी पिशवी मामींनी त्यांना शिवून दिली होती. ती तशीच, कंडक्टरसारखी, खांद्यावर तिरपी अडकवलेली. पंगतीत मांडी घातली की ते पिशवीतून ज्वारीची भाकर काढून पत्रावळीवर मधोमध ठेवत आणि वाढप्याला म्हणत, "ही सीट रिझर्व हाय." आमच्या सोनाळ्यात वाढलेलं नाकारलं की यजमानाचं तोंड उतरतं. एका भंडाऱ्यात रोडगे होते, जाड्या गव्हाच्या पिठाचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, तुपात बुडवलेले. यजमान हट्टालाच पेटला. "मामा, अर्धा तरी घ्या. देवाचा परसाद हाय." मामा शांतपणे म्हणाले, "देवाले माहा आजार ठाऊक हाय. तुलेच नाही."

तीस वर्षं त्यांनी एस.टी.त काढली. त्या दिवसांत खामगावच्या स्टँडवर गाडी लागली की मामा आधी कचोरीच्या गाडीकडे जात आणि मग कंट्रोलरकडे. पुढे पोट बिघडलं. कधी फुगायचं, कधी दिवसातून सात-आठदा पळवायचं. चूर्णं झाली, हिंग झाला, कोणी सांगितलं म्हणून कडुनिंबही झाला. निवृत्त झाले तेव्हा पँट कमरेवर राहावी म्हणून पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडली होती. शेवटी खामगावच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की गहू तुमच्या आतड्याला चालत नाही. जन्मभर बंद. कणसुद्धा नको.

असं पथ्य आमच्याकडे लोक आठ दिवस पाळतात. मामांनी ते नोकरीसारखं धरलं. पोळी गेली, बिस्किट गेलं, रव्याचा शिरा गेला, पोट सावरेपर्यंत दूध आणि तिखटही गेलं. उरलं काय, तर ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, भात, दुधी आणि भोपळा. कोणी हसलं की म्हणायचे, "हाफ तिकिटावर म्या कधी मोठा मानूस बसू देला नाही. हा गहू तं बिनातिकीट हाय. पोटात कसा बसू देऊ?"

माझा त्यांच्याशी संबंध आला तो चक्कीमुळे. गावात पिठाची चक्की माझी. आमच्याकडे बाई दळण घेऊन आली की पहिलं विचारते, "आधी काय दळलं, भाऊ?" कारण आधीच्या धान्याचं पीठ दगडांत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गव्हावर गहू टाकायचा, ज्वारीवर ज्वारी. इतरांना तो चवीचा प्रश्न. मामांना आतड्याचा. त्यांनी मला नियम घालून दिला. सोमवारी सकाळी सात वाजता, दुसरं काहीही दळायच्या आधी, दगड उघडून ब्रशने झाडायचे; त्यांच्या ज्वारीचं पहिलं पसाभर पीठ बकरीला; मग त्यांचं दळण. डबा उचलताना ते विचारत, "पह्यलंच नं, गजू?" मी म्हणे, "हाव मामा, पह्यलंच."

पाच महिन्यांत माणूस बदलला. गाल भरले. पट्ट्याची नवी भोकं एकेक करून सुटली. पाण्याची कॅन खांद्यावर घेऊन चढावरच्या घरी जाऊ लागले. मामींनीही पोळी सोडली होती. "दोघांची एकच परात. दोन पराती ठेवल्या तं हात कधीतरी चुकन," त्या म्हणायच्या.

आता माझं. हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

लग्नसराई होती. एका सोमवारी सकाळी सहालाच एका घरच्या रोडग्यांचे दीड मण गहू आले. ते लोक दारात उभे. मी दळून दिले. शेवटचं पोतं बांधतो न बांधतो तोच मामा आले. दगड उघडायचे तर अर्धा तास मोडणार, आणि मागे रांग लागलेली. मी सरळ ज्वारी टाकली. मामांनी विचारलं, "पह्यलंच नं, गजू?" मी म्हणालो, "हाव मामा, पह्यलंच."

एवढंच असतं तर घाईवर ढकलता आलं असतं. पण पुढच्या सोमवारी रांग नव्हती. मी पहाटे घरचे चार किलो गहू आधी दळून ठेवले आणि मग मामांच्या डब्याची वाट पाहत बसलो. त्याच्या पुढच्या सोमवारीही. आणि त्याच्याही. मला पाहायचं होतं. माझं घर गव्हावर चाललेलं. माझ्या बापाने ह्याच चक्कीवर गहू दळून आम्हाला वाढवलं. आणि हा माणूस चारचौघांत पंगतीत बसून गव्हाला बिनातिकीट म्हणतो. मला वाटायचं, मनाचे खेळ आहेत. एवढ्याशा पिठाने काय होतं? काही झालं नाही की एक दिवस हसून सांगू, मामा, महिनाभर गहू खाऊन राह्यले तुम्ही.

सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या आठवड्यात मामा कुणाच्या तरी स्कूटरवर बसून दळणाला आले. तिसऱ्या आठवड्यापासून मामी येऊ लागल्या. आल्या की डबा ठेवून भिंतीला टेकून उभ्या राहत. चौथ्या सोमवारी मी विचारलं, "कसं हाय मामांचं?" तशा त्या म्हणाल्या, "माह्यावर चिडून राह्यले. म्हनते तूच कुठं तरी पोळी लाटली. परात तीन-तीनदा राखेनं घासली रे बापा म्या. आता काय माहे हातच धुऊन काढू?"

त्यांनी हात पुढे केले होते. राखेने बोटांची कातडी सोलली होती. नुकतंच त्यांच्या डब्यात भरलेलं पीठही मी गव्हावरच दळलेलं होतं, आणि तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. पुढच्या सोमवारपासून दगड झाडायला लागलो, इतकंच. वाटलं, बरे होतील, विषय मिटेल.

पण दोन दिवसांनी बाजारात ऐकलं की कंडक्टरने पथ्य सोडलं. खामगावहून कचोरी मागवली म्हणे. तसाच उठून गेलो. मामा बाजेवर बसले होते, मांडीवर पुडा. पट्टा पुन्हा तिसऱ्या भोकात. मला म्हणाले, "ये बे, बस. सा महिने जनावरावानी कडबा खाल्ला, पुन्हा तिथंच आलो. मरायचंच हाय तं कचोरी खाऊन मरू."

ते पथ्य हरलं नव्हतं, हे गावात एकट्या मला माहीत होतं.

मी म्हणालो, "मामा, पथ्य बरोबर हाय. दळण चुकलं. म्या एका सोमवारी आधी गहू दळले होते अन् तुम्हाले खोटं सांगतलं."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसायलाच हव्या होत्या. ते म्हणाले, "म्हंजे आपली लाइन बरोबर हाय?"

"हाव."

"मंग ठीक हाय." पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. "आता आत जा. हे मले नाही, तिले सांग. बोलणी तिनं खाल्ली."

मी चुलीपाशी जाऊन मामींना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. भाकर उलटली आणि म्हणाल्या, "तरी मले वाटेच का परात तं स्वच्छ हाय." मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "ऐकलं का हो? परात स्वच्छ होती." बाहेरून आवाज आला, "ऐकलं. माही चूक झाली."

पण मी सांगितला तो एकच सोमवार. बाकीचे तीन गिळले.

मामा पुन्हा सावरले. ह्या वेळी वेळ जास्त लागला. नंतर कित्येक वर्षं ते दर सोमवारी माझ्याच चक्कीवर येत राहिले. गावात तोवर दुसरी चक्की झाली होती. आता ते विचारत नसत. स्टूल घेऊन दगडांसमोर बसायचे आणि ब्रश कुठे फिरत नाही ते बोटाने दाखवायचे. "त्या कोपऱ्यात एक प्रवासी लपला बघ."

दोन वर्षांपूर्वी मुलीने त्यांना मेहकरला नेलं. सामान आधीच गेलं होतं. मी स्टँडवर पोचवायला गेलो. खांद्याला तीच पिशवी, आत प्रवासाच्या भाकरी. मामी खिडकीत बसल्या. गाडी सुटायच्या बेतात असताना पायरीवरून मामा म्हणाले, "गजू, एका दळणाची भाकर म्या आठ दिवस खातो. आजारी मात्र महिनाभर होतो. तिकीट एकाचं फाडलं तू. बसले किती होते?"

मी खाली पाहिलं. "चार, मामा."

"बरोबर. माहा मेळ लागत नव्हता."

"तुम्हाले ठाऊक होतं तं बोलले काऊन नाही?"

"तू बोलशीन म्हनून थांबलो. लय टाइम लावला बे." मग आत वळून नव्या कंडक्टरला सांगितलं, "मार बेल."

मामा बरे आहेत. मामींचा फोन येतो. मेहकरच्या चक्कीवाल्यालाही त्यांनी ब्रश आणायला लावला आहे. का केलं, ते मात्र त्यांनी मला कधी विचारलं नाही. म्हणून ते इथे लिहिलं. हा कागद त्यांना पाठवणार आहे.

सोमवारी सातचं पहिलं दळण अजून चालू आहे. गेल्या हिवाळ्यापासून शेजारच्या गावातली एक सून ज्वारीचा डबा घेऊन येते. तिलाही डॉक्टरांनी गहू बंद सांगितला आहे, आणि सासरी कोणाचा त्यावर विश्वास नाही. पहिल्या दिवशी तिने दबकत विचारलं, "भाऊ, पह्यलंच हाय नं?"

मी मामांचं स्टूल पुसून पुढे सरकवलं. म्हणालो, "माह्या सांगण्यावर जाऊ नका, ताई. बसा इथं, अन् पाहा."