दाजींचे डोंगर

माझ्या दाजींना विमानाच्या खिडकीतून डोंगरांचे फोटो काढायचं वेड होतं. छंद म्हटलं असतं, पण छंद माणूस स्वतःपुरता ठेवतो. दाजींचा छंद आल्यागेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी बघावा लागायचा.

हस्तबहादुर घर्ती त्यांचं नाव. कतारमध्ये चौदा वर्षं सुतार होते. काँक्रीट ओतायच्या आधी ज्या फळ्या ठोकतात, त्या ठोकायचं काम. दोन-तीन वर्षांनी एकदा आमच्या गावी, बागलुंगला सुटीवर यायचे, आणि बॅगेतून ब्लँकेटं, साबण, खजूर निघायच्या आधी खिशातून मोबाइल निघायचा. त्यात काय, तर पांढरे डोंगर, निळं आभाळ आणि कोपऱ्यात विमानाचं इंजिन. मग बाजारातल्या स्टुडिओत जाऊन त्यातले चार चांगले मोठे करून आणायचे, चौकटीत बसवायचे आणि माझ्या बहिणीच्या, मनसराताईच्या, बाहेरच्या खोलीत लावायचे. भिंत भरत आली होती. देवाला कोपरा उरला होता तेवढाच.

माझं नाव जुनी. मी त्याच गल्लीत राहते, चोळ्या शिवते. मेव्हणी आहे, तेव्हा दाजींची टर उडवणं माझ्या हक्काचं. एकदा म्हटलं, "दाजी, अंगणात उभं राहिलं की धवलगिरी फुकट दिसतो. त्याच्यासाठी विमानाचं भाडं कशाला भरता?"

दाजी म्हणाले, "अंगणातून दिसतो तेव्हा मी अंगणात असतो की. मग फोटो कशाला लागतो?"

मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून काहीतरी ठोकून दिलं.

फोटोमागची विद्या ते रंगवून सांगायचे. खिडकीची जागा मिळाली नसेल तर झोपाळू शेजारी हेरायचा आणि त्याच्याशी जागा बदलायची. काच रुमालानं पुसायची. मोबाइल काचेला अगदी चिकटवायचा आणि वरून जाकिटाचा आडोसा करायचा, म्हणजे आपलंच तोंड काचेत दिसत नाही. येताना डाव्या हाताची खिडकी धरायची, जाताना उजव्या, कारण डोंगर उत्तरेला. मनसराताई विकायच्या सेलरोट्या, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड कडी, तळता तळता हे सगळं ऐकायची. मी अर्धं ऐकायची. कतारला मला कोण नेणार होतं?

पाचव्या खेपेला जायचं ठरलं तेव्हा दाजी सेहेचाळीस वर्षांचे झाले होते. गुडघे कुरकुरत होते. पण वरचा मजला अर्धा राहिला होता, लेकीला नर्सिंगला घातलं होतं. ताई म्हणाली, एवढी एक खेप करा, मग बास. दाजी म्हणाले, "बरं." दाजी सगळ्यालाच बरं म्हणतात. त्या बरंच्या आत काय आहे ते उघडून बघायची आम्हा कुणाला सवय नव्हती.

मुहूर्त निघाला गुरुवारचा आणि काठमांडूहून सोमवारचं विमान धरायला निघायचं होतं शनिवारी. शनिवारी आमच्याकडं कुणी लांबच्या वाटेला लागत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी दाजींचं प्रस्थान माझ्या घरी आणून ठेवलं. लाल फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, एक नाणं आणि त्यांचा धुतलेला बनियन. ते ठेवलं की माणूस घरातून निघाला असं धरायचं. मग निघायच्या दिवशी वार कोणताही असो, प्रस्थान उचलायचं आणि मागं न बघता चालू लागायचं.

शनिवारी दारात पाण्याच्या दोन भरल्या घागरी ठेवल्या, त्यांत झेंडूची फुलं. दही-कुंकवात कालवलेल्या तांदळाचा लाल टिळा, हातात उकडलेलं अंडं आणि नाचणीच्या दारूचा एक घोट. माळा इतक्या घातल्या की दाजींचं नाक तेवढं बाहेर. शेजारची आजी, आडनाव पुन, जिला कुणाचंही काहीही विचारायला भीड वाटत नाही, तिनं येताना सोन्याचा दात बसवून ये म्हणून सांगितलं. दाजी हसले. जीप माझ्या घराखाली उभी होती. प्रस्थान घ्यायला ते माझ्याकडं आले, तांब्याभर पाणी प्यायले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

संध्याकाळी पीठ काढायला गेले तर डब्यामागं लाल गाठोडं तसंच.

धावत ताईकडं गेले. तिनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस." प्रस्थान मागं राहिलं तर अंग पुढं जातं आणि जीव मागं राहतो, असं आमची आई म्हणायची. आई बऱ्याच गोष्टी म्हणायची, पण ही नेमकी आम्हा दोघींना एकाच वेळी आठवली. फोन करून सांगावं तर त्यांच्या मनात नसती धाकधूक. विमान वर गेल्यावर काय होईल कोण जाणे, असं तिला दिवसभर वाटत राहायचं. मी देवाला नवस बोलले. विमान उडेपर्यंत ते गाठोडं मी पिठाच्या डब्यावर ठेवून रोज त्याला नमस्कार केला.

सोमवारी दुपारी ताईचा मोबाइल वाजला. फोटो होता. पांढरे डोंगर, निळं आभाळ, कोपऱ्यात इंजिन. खाली लिहिलेलं, बसलो, डोंगर दिसले, आता फोन बंद करतो, तिकडं नवा नंबर घेतला की बोलू. मी तर रडलेच. देवापुढं दिवा लावला, चहा टाकला. ताई हात पुसत आली, मोबाइल घेतला आणि बघत राहिली. हसली नाही. मग भिंतीवरची एक चौकट काढून मोबाइलशेजारी ठेवली. मग दुसरी काढली.

"जुनी, ह्या इंजिनाचं तोंड कुठं आहे?"

मी बघितलं. डावीकडं आमचा धवलगिरी, मध्ये अन्नपूर्णा, उजवीकडं माछापुछ्रे, माशाच्या शेपटीसारखं. इंजिनाचं गोल तोंड उजवीकडं होतं. म्हटलं, माछापुछ्रेकडं.

"माछापुछ्रे काठमांडूच्या अंगाला. कतारला जाणाऱ्या विमानाचं तोंड धवलगिरीकडं पाहिजे." तिनं मोबाइल खाली ठेवला. "हे जाणारं विमान नाही. येणारं आहे."

मी वाद घातला. म्हटलं, विमान वळलं असेल, वारा असेल, काही असेल. ताई भिंतीकडं बघत होती, म्हणून मीही बघितलं. भिंतीवरच्या एकूण एक फोटोत इंजिनाचं तोंड उजवीकडं, काठमांडूकडं. चौदा वर्षांत हा माणूस किती वेळा गेला आणि किती वेळा आला, पण जातानाचा फोटो एकही नव्हता. रोज चहा पिताना त्या भिंतीकडं तोंड करून बसायचो आम्ही. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे हा जुनाच कुठला तरी फोटो पाठवला होता. म्हणजे दाजी गेले नव्हते.

माझा राग उसळला. दोन रात्री आम्ही काय काढल्या त्या आमच्या आम्हाला ठाऊक. असतील काठमांडूत कुणा गाववाल्याच्या खोलीवर लपून, म्हटलं, मी बोलते, आणि मोबाइल उचलला. ताईनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "जायचंय का, असं मी त्यांना कधी विचारलंच नाही, जुनी. नाही म्हणाले तर काय करायचं, ह्या भीतीनं विचारलं नाही." आणि मग ती रडली. मी तिला आई गेली तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच.

पण नुसतं या म्हणून सांगून दाजी आले नसते. माळा घालून, टिळा लावून पाठवलेला माणूस रिकामा परत आला तर गल्ली त्याला वर्षभर चघळते. खालच्या आळीतला एकजण असाच विमानतळाच्या दारातून परत आला होता. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. सगळे त्याला फाटकबहादुर म्हणतात. दाजी तसे मानी. आले नसते. काठमांडूत कुठंतरी फळ्या ठोकत राहिले असते आणि आम्हाला महिन्याला एक डोंगर पाठवला असता.

ताई चुलीपाशी गेली. उरलेलं पीठ तळून काढलं. मग कढई उतरवली आणि म्हणाली, "तुझ्याकडचं गाठोडं हललं नाही ना?"

"नाही. तिथंच आहे."

"मग लिही."

तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं. तुमचं प्रस्थान जुनीकडंच राहिलंय. प्रस्थान उचललं नाही म्हणजे माणूस निघालाच नाही. येऊन काय ते करा.

विमानात बसून फोन बंद केलेल्या माणसानं निरोप तिथल्या तिथं वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताई सेलरोट्या विकत होती आणि हिशेब चुकत होती. मी एका बाईच्या चोळीला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

बुधवारी दिवेलागणीला माझ्या दारात दाजी उभे. घरी जायच्या आधी माझ्याकडं आले, कारण प्रस्थान माझ्याकडं. हातात तीच बॅग, जाकिटाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मी दोन दिवस शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यांचं तोंड बघितलं आणि एकही आठवेना. पाणी दिलं. गल्लीतल्या एका पोराला पाठवून ताईला बोलावलं.

ताई आली ती दारातच टेकली. कुठं होतात, का गेला नाहीत, यातलं काही विचारलं नाही. म्हणाली, "त्या भिंतीवर जातानाचा एकही फोटो नाही."

दाजींनी तांब्या खाली ठेवला.

"जाताना मी खिडकी कधी उघडलीच नाही," ते म्हणाले. "झडप ओढून बसायचो. बाकीचे उजवीकडं गर्दी करून फोटो काढायचे, मी डोळे मिटून घ्यायचो. आपला धवलगिरी दिसला असता तर मी तिथंच ओरडलो असतो, मला उतरवा म्हणून. ह्या खेपेला तर आत जायच्या रांगेतच पाय उचलेना. मागचे ढकलत होते, म्हणून बाजूला झालो. विमान गेलं. मग वाटलं, तू फोटोची वाट बघत असशील. शोधायला गेलो तर माझ्याकडं सगळे येतानाचेच."

ताई उठली. पिठाच्या डब्यावरचं गाठोडं घेतलं आणि गाठ सोडली. त्यातले तांदूळ माझ्या चुलीवर आधण आलं होतं त्या पातेल्यात टाकले. नाणं देवाजवळ ठेवलं, सुपारी फोडून तिघांत वाटली. बनियन दाजींच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "आंघोळ करा. बसमध्ये काय काय लागलंय अंगाला."

जेवून दोघं घरी निघाली तर पुन आजी ओसरीवर होतीच. तिनं टिपलंच. ताईनं तिला विचारायची संधीच दिली नाही. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्रस्थान जुनीच्या घरातून हललंच नाही, आजी. देवाच्या मनात नव्हतं, आपण काय करणार?"

आजीनं विचार केला. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "प्रस्थान टाकून जाऊ नये माणसानं. बरं झालं आलास." आजी बोलली म्हणजे गल्लीचं बोलणं झालं. दाजींना कुणी फाटकबहादुर म्हटलं नाही.

फटका बसला, नाही असं नाही. तिकीट गेलं, दलालाला दिलेलं गेलं. वरच्या मजल्याच्या सळया अजून आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत आणि ताई त्यांच्यावर मिरच्या वाळत घालते. दाजी आता बागलुंगातच स्लॅबच्या फळ्या ठोकतात. कतारच्या मानानं पैसा कमी, पण लेकीचं नर्सिंग चाललंय, रोज नाचणीच्या पिठाचा धिंडो आणि आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुक गरम मिळतं, आणि गुडघ्यांना ताई मोहरीचं तेल चोळते. लठ्ठ होत चाललेत. मी ते त्यांना सांगते.

भिंतीवरचे फोटो आहेत तिथंच आहेत. नवा मोबाइल घेतला, त्याचा कॅमेरा म्हणे फार चांगला, पण त्यात डोंगराचा एक फोटो नाही. सगळे नातेवाइकांचे, म्हशीचे आणि अर्धवट स्लॅबांचे. परवा सकाळी आभाळ असं स्वच्छ होतं की धवलगिरी हात लावता येईल इतका जवळ आला होता. दाजी अंगणात फळीवर रंधा मारत होते. मी कुंपणावरून म्हटलं, "दाजी, बघा तरी कसा दिसतोय. काढा की फोटो."

त्यांनी मान वर करून डोंगराकडं बघितलं. मग रंधा पुन्हा फळीवर ठेवला.

"कशाला?" म्हणाले. "मी इथंच आहे की."