सोळा नावं, सहा वजा

गणिताच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वडिलांचा हात मोडला. लोखंडी आकडा दुसऱ्याच्या हातात होता, पेन्सिल माझ्या.

वडील घाऊक धान्यबाजारात हमाल. टोळीत सोळा जण, सगळे साताऱ्याकडचे. अक्षर बरं म्हणून हजेरीचा कागद वडील लिहीत, एकाखाली एक सोळा नावं. मी कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत बहुपद्यांशी झटत होते. त्यांचे सहगुणक फक्त अधिक एक किंवा वजा एक. कृती अगदी पोरखेळ. दोन ओळी घ्यायच्या, दोन्हीत एकेक अधिक. पहिलीपुढे दुसरी जोडली की नवी पहिली. जुन्याच पहिलीपुढे दुसरी, पण चिन्हं उलटी करून, जोडली की नवी दुसरी. असं चारदा केलं की पहिल्या ओळीत सोळा चिन्हं. आणि एकक वर्तुळावर कुठलाही बिंदू घ्या, ती चिन्हं लावलेल्या सोळा पदांची बेरीज आकारानं सहापर्यंतही पोचत नाही. सोळा जण मिळून एकाच बाजूला कधी ओढतच नाहीत, याचं मला फार कौतुक होतं.

त्या दिवशी कोरा कागद सापडेना. हजेरीवर सोळा ओळी आयत्या आखलेल्या. मी मुलखाची आळशी; पेन्सिलीनं एकेका नावापुढे एकेक चिन्ह उतरवलं आणि विसरले. सकाळी वडिलांनी कागद खिशात घातला.

टोळ्यांतली माणसं कमी करणार अशी तेव्हा बाजारात आवई होती. कागद मुकादमाकडून इतरांच्या हाती गेला. ज्यांच्या नावापुढे वजा, त्यांना वाटलं, यानंच आपली नावं काढून दिली. पाच जणांनी वडिलांना पोत्यांच्या थप्पीमागे ओढलं. लाथाबुक्क्यांनी तोंड फोडलं, दोन दात पाडले. मग एकानं पोती ओढायचा लोखंडी आकडा उलटा धरून उजव्या मनगटावर घातला. एकदा घालून भागलं नाही, म्हणून पुन्हा घातला.

वडिलांना दवाखान्यात ठेवून मी बाजारात गेले. आधी पाचही जणांना तोंडाला येईल ते बोलले. एकाची गचांडी धरली, मुकादमानं सोडवली. मग मुकादमाला कागद झाकून धरायला सांगितला आणि खडूनं फरशीवर ओळी वाढवत नेल्या. तो एकेक चिन्ह ताडून बघत होता. सोळाच्या सोळा जुळली.

"म्हंजी ह्ये कुनी ठरवल्यालं न्हाई?" मुकादमानं विचारलं.

मी म्हटलं, कुणीच नाही. पहिलं अधिक लिहिलं की बाकीचं आपोआप येतं.

"मग आमच्या नावाम्होरं कशापायी लिवलंस, पोरी?" आकडावाला म्हणाला.

मुकादम वजा मोजत होता. सहा भरले. मारणारे पाच. तेराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तिथे माझ्या वडिलांचं नाव होतं. एवढा वेळ कुणी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी प्लास्टरमधला हात घेऊन वडील पडून होते. सुजल्या ओठांनी त्यांनी विचारलं, "माज्या नावाम्होरं काय हुतं गं?"

"अधिक," मी खोटं बोलले.

"वजा हुतं. सकाळीच बघितलं म्या. म्हनलं, तुजा अभ्यास हाय, खोडायचा कशाला."