उचकी लागलेला तंबोरा

मुळगावात बातमी उठली की शिवदासच्या घरात बाधा शिरलीय. म्हणे खोलीत माणूस नसताना तंबोरा वाजतो, मध्येच उचकी देतो, आणि लक्ष्मीवहिनींनी माहेरी जायला पिशवी भरली. पिशवी खरी होती, पण तीत बाजाराला न्यायची केळी होती. बाधा होती ती संगणकाची.

झालं असं की सप्ताहाच्या तोंडावर शेवंतीबायचा हात मुरगळला. आमच्या वाड्याचा पार, म्हणजे भजनाचा वाटा, आला की तंबोऱ्यावर तीच बसणार. तंबोऱ्याशिवाय गायलो तर पलीकडचा वाडा वर्षभर हसला असता. शिवदास पूर्वी पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडल्यावर स्पीकर भाड्याने देऊ लागला. तो म्हणाला, "बाय, तुमचाच गेल्या वर्षीचा तंबोरा संगणकात भरून ठेवलाय. तोच फिरवून फिरवून लावतो."

लावला. तारा छेडल्या, नाद विरला, क्षणभर सगळं गप्प, मग पुन्हा पहिल्यापासून.

"शिवदासा, ह्यो तंबोरो न्हय, उचकी लागलेलो म्हातारो! देवळात हाडू नको," म्हणत शेवंतीबायने तो देवळात आणायलाच बंदी केली.

त्याने शेवटची शांतता छाटली. आता उचकीच्या जागी 'टक्' आलं, कारण नाद जिवंत असतानाच मान कापलेली. शिवदास बिचारा जेवेना. "पाणी पाजा तंबोऱ्याला, थांबेल उचकी," वहिनींचा सल्ला.

सप्ताह बसला. भजन तुटता कामा नये म्हणून आमच्याकडे नवा वाडा आला तरी जुना लगेच टाळ खाली ठेवत नाही. दोघे थोडं बरोबर वाजवतात, जुन्यांचा हात हलका होत जातो, नव्यांचा चढतो. खांबाला टेकलेला शिवदास हे बघता बघता एकदम उठून पळाला. मी सगळ्यांना सांगितलं, पोट बिघडलं.

घरी त्याने तंबोऱ्याचं शेपूट कापलं नाही, पुढच्या फेरीच्या तोंडाखाली सरकवलं. जुना नाद विरतोय तोवर नवा वर येतो.

आमच्या पाराला शेवंतीबाय हात गळ्यात बांधून स्पीकरसमोर बसली, सांधा पकडायलाच. थोड्या वेळाने बघतो तर तिची बऱ्या हाताची बोटं मांडीवर तारा छेडतायत.

बाहेर पडताना मी शिवदासला डिवचलं, "काय रे, तुझा तंबोरा संपतो कुठे नि सुरू होतो कुठे, कळतच नाही!"

तो म्हणाला, "तुझ्या तोंडाचंही तसंच आहे, पण ती करामत माझी न्हय."