बाबांचे संदर्भ

बाबांना जाऊन महिना होत आला, तरी त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून निरोप येतात. आज सकाळी एक आला. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या संशोधकाने आपल्या लेखात बाबांच्या जुन्या शोधनिबंधाचा संदर्भ दिला होता. बाबा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. पडद्यावरचा त्यांच्या संदर्भांचा आलेख अजून चढतोच आहे; माणूस गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

परवा भेटायला आलेली त्यांची विद्यार्थिनी म्हणाली, "सरांचा आधार घेतल्याशिवाय आमचा एकही लेख पुरा होत नाही." मी मान हलवली. पण तेव्हापासून आठवत बसले आहे, बाबांचं कुठलं वाक्य मी आयुष्यात आधाराला घेतलं? ते प्रयोगशाळेतून यायचे तेव्हा मी झोपलेली असायची. सकाळी खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याला येणारा गोडसर, झोंबरा वास तेवढा आठवतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना त्यांचं म्हणणं ठाऊक आहे आणि मला एक वाक्य सापडू नये, याचं फार वाईट वाटलं.

दुपारी आईला विचारलं, "तुझ्याशी काय बोलायचे गं बाबा?"

"बोलायचे कुठे!" ती म्हणाली. मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी म्हणाले होते, पंखा कमी ठेव, तुला सर्दी होते."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. घामाने तिचा पदर भिजला होता. मी पंखा वाढवायला उठले, तर तिने माझा हात धरला.

"असू दे," म्हणाली.