बाबांसमोरचं ताट

बाबांच्या गळ्यावर रेडिएशन सुरू होतं, तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत मी व्हिजिट व्हिसावर मस्कतला गेलो. तिथल्या हमरिया भागातल्या खोलीत त्यांच्यासोबत आमच्या गावाकडचे एक काका राहत. बाबा एसी दुरुस्त करायचे, काका सुतारकाम.

बाबांच्या पोटात नळी बसवली होती. सिरिंज उंच धरून डब्यातलं दुधासारखं अन्न हळूहळू सोडायचं, मग पाण्यानं नळी धुवायची. नर्सनं मला ते शिकवलं. वाटलं, आता मी आलोय, काकांची गरज संपली. खरं तर मला तसंच हवं होतं. माझं लहानपण बाबांशिवाय गेलं. ती सगळी वर्षं त्यांच्या पंगतीला हे काका होते.

पण डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. नळी असली तरी रोज तोंडानं थोडं पाणी गिळायचंच. गिळण्याची सवय मोडली तर पुढे नळी काढणं कठीण. मी ग्लास पुढे केला की बाबा मान फिरवत. "दुखता." मी विनवायचो, डॉक्टरांचं नाव घेऊन दटावायचो. व्यर्थ.

संध्याकाळी काका येत, अंघोळ करत आणि ताट घेऊन थेट बाबांच्या खाटेसमोर बसत.

"बांगडो मस्त गावलो आज. पण मेल्या, तुझ्या हाताची चव नाय."

बाबा घोगऱ्या आवाजात म्हणत, "कोकम विसरलंस."

"विसरलंय. आता गीळ. माझो एक घास, तुझो एक घोट."

आणि बाबा गिळत. डोळ्यांत पाणी यायचं, तरी गिळत. वर हसतसुद्धा.

माझा जळफळाट व्हायचा. ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर मासे खायचे? मी तर स्वयंपाकघरात दाराआड उभ्यानं जेवायचो, वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी उघडून. त्याचं कुणाला काहीच नव्हतं. हसू मात्र काकांच्या वाट्याला.

एकदा काका बौशरला कामात अडकले. मी ग्लास धरून बसलो. बाबांनी तो बाजूला सारला.

"तू जेवतंस तरी कधी?"

"जेवतो की. आत."

"चोरासारखो? ह्या खोलीत एकटो कोण जेवना नाय. मी पडलंय म्हणान काय नियम मोडलो? जा, ताट घेवन ये."

मी डाळभात आणला. त्यांच्याकडे बघत पहिला घास माझ्याच घशाखाली उतरेना. बाबा थांबले. मी गिळला, तसा त्यांनी ग्लास उचलला. डोळे मिटून एक घोट घेतला. मी पुढचा घास घेतला, त्यांनी पुढचा घोट.

"डाळ कशी झालीहा?"

डाळ काकांनी सकाळीच करून ठेवली होती. फार चांगली होती.

"बरी आहे," मी म्हणालो.

बाबा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी ग्लास पुन्हा उचलला.