प्रकार : विचारा

डोंबिवलीत माझी मावशी घरातूनच मोदकांच्या ऑर्डरी घेते. मी ठाण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर, त्यामुळे तिचा कॉम्प्युटर रुसला की फोन मलाच.

श्रावणातल्या एका अंगारकीला सकाळीच फोन आला. "अगं, आज सगळ्यांना तळणीचेच हवेत! उकडीच्यांची एकही ऑर्डर नाही. असं कधी होतं का?"

मी पोचले तर तळलेल्या मोदकांची परात भरलेली आणि दारात ठाकुर्लीहून आलेले एक आजोबा. "मी उकडीचे सांगितलेले," ते म्हणाले. मावशीने त्यांच्या हातावर एक तळणीचा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आणखी एक मागितला आणि उकडीचे होईपर्यंत खुशाल बसून राहिले.

मी ऑर्डरी तपासल्या. त्या एका वेबसाइटवरून JSON नावाच्या मांडणीत यायच्या: नाव, पत्ता, प्रकार, नग. मावशीने विकत घेतलेल्या प्रोग्रॅमला प्रकार दोनच ठाऊक, आधी तळणीचे, मग उकडीचे, आणि तेही ठरलेल्याच इंग्रजी स्पेलिंगमध्ये. वेबसाइटवाल्यांनी नुकतीच गिऱ्हाइकाला प्रकार स्वतः टाइप करायची सोय दिलेली. कुणी 'उकडिचे' लिहिलेलं, कुणी 'वाफवलेले', कुणी नुसतंच 'उकड'. शब्द कळला नाही की प्रोग्रॅम गुपचूप पहिला प्रकार धरायचा.

तिथेच टेबलावर बसून मी प्रकार वाचणारा भाग नव्याने लिहिला. उकडीच्या सगळ्या तऱ्हा 'उकडीचे'मध्येच जाऊ लागल्या. जो शब्द अजिबात कळणार नाही, त्याच्यासाठी नवा प्रकार केला: 'विचारा'. ऑर्डरीच्या छापील चिठ्ठीवर तेच यायचं, खाली गिऱ्हाइकाचा मूळ शब्द.

"म्हणजे मी फोन करायचा?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग बरंय की!" तिला गप्पा मारायला निमित्तच हवं असतं.

पहिली 'विचारा' चिठ्ठी दिवा स्टेशनजवळून आलेल्या ऑर्डरची निघाली. खाली शब्द होता, 'पातोळ्या'. मावशीने फोन लावला. पलीकडची बाई हसत म्हणाली, "अहो, गावाला हळदीच्या पानात गूळ-खोबरं भरून करायचो. इथे कुठे मिळत नाहीत. म्हटलं, लिहून तर बघू."

मावशीचं माहेर कोकणातलं, पण लग्नानंतर तिने पातोळ्या केल्याच नव्हत्या. ती पिशवी घेऊन बाजारात गेली, हळदीची पानं शोधून आणली. वाफेचा वास जिन्यात पसरला तशी खालच्या मजल्यावरची शेजारीणही डोकावली. दिव्याला पाठवायचा डबा भरून झाल्यावर मावशीने तिला बशी दिली, मला दिली, आणि स्वतःची पातोळी उभ्या उभ्याच खाल्ली. डोळे मिटून.

"ह्या पण घाल तुझ्या प्रोग्रॅममध्ये," तिने हुकूम सोडला.

मी घातल्या. दिव्याची ती बाई आता श्रावणात स्वतःच न्यायला येते आणि मावशीशी भरपूर बोलून झाल्याशिवाय निघत नाही.