खंडेनवमीला उचललेला पाना

आमच्या ह्यांचा पहिला संसार त्या ट्रकशी होता. माझा नंबर दुसरा. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली ती गाडी. इतकी उंच, की पुढं बसायचं तर मला घरातलं स्टूल न्यावं लागे. मुलुंडला आमच्या खोल्यांमागं मोकळी जागा होती, तिथं तो उभा असायचा. खाणीतली खडी वाहायची आणि सुट्टी मिळाली की त्याच्याखाली जाऊन झोपायचं, हा ह्यांचा आनंद. मी म्हणायची, "जेवण तिथंच सरकवू का?" तर आतून उत्तर यायचं, "चालेल की!" रागावायचं तरी कुणावर?

पण त्या वर्षी ते ट्रकखाली शिरले ते माझ्यासाठी. माझी दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दमच भरला होता: टांग्यात बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत, धक्का म्हणून लागता कामा नये, आणि बाळंतपण घाटकोपरला त्यांच्या दवाखान्यातच. मुलुंड ते घाटकोपर आग्रा रोड, त्यातून पावसाळा नुकताच सरलेला. भांडुपपर्यंत रस्ता कमी आणि खड्डेच जास्त. ह्यांनी ठरवलं, न्यायचं तर आपल्याच गाडीतून, आणि तिचे पुढचे शॉक बदलून. चाक खड्ड्यातून वर आलं की कमानपाटे उसळतात, ती उसळी दाबून धरणाऱ्या या तेलाच्या नळ्या. आमच्या त्या कधीच्या कोरड्या पडल्या होत्या. रिकामा ट्रक फार उडतो, म्हणून मागं रेतीची पोतीही टाकून ठेवली होती. एवढा विचार ह्या माणसानं आमच्या लग्नात केला असता तर वरात वेळेवर आली असती!

काम अष्टमीला काढलं. संध्याकाळपर्यंत आटोपेल म्हणाले. पुढचा भाग जॅकनं उचलून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर ठेवला, चाकं काढली. पण जुने बोल्ट गंजून असे बसले होते की घासलेट ओतून, ठोकून, शिव्या घालूनही हलेनात. कसाबसा एका बाजूचा नवा शॉक बसला, दुसऱ्या बाजूचा नुसता अडकवला आणि अंधार पडला. "उद्या तासाभराचं काम," म्हणून हे अंघोळीला गेले.

उद्या खंडेनवमी होती, हे ह्यांच्या ध्यानातच नाही! सासूबाईंच्या मात्र होतं. सकाळी उठून बघतो तर त्यांनी ट्रकखालचं एकूण एक हत्यार गोळा केलेलं. पाने, हातोडा, पकडी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. जॅकला झेंडूची माळ! नवऱ्यामुलासारखा दिसत होता मेला. आमच्या घराची रीतच तशी. नवमीला हत्यारं पूजेला लागली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. सासरे गिरणीत होते तेव्हापासूनची रीत, आणि सासूबाई रीतीभातीच्या इतक्या कडक की देवही त्यांना वचकून असावा. हे डोकं धरून बसले. "असू दे गो," मला म्हणाले, "दसऱ्याला करू. तुला अजून अवकाश आहे."

अवकाश कसला! दुपारी भांडी विसळताना कळ आली. पहिली सोडून दिली. दुसरीला मात्र मोरी धरून खालीच बसले. शेजारच्या काकू धावल्या, त्यांनी पोटाला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हिला हलवा लवकर."

हलवा, पण कशातून? ट्रक स्लीपरांवर, चाकं बाजूला. दुसऱ्या कुणाकडून पाने आणावेत तर आख्ख्या मुलुंडात त्या दिवशी हत्यारं पाटावर. गॅरेजवाला दार उघडायला तयार नाही. लोकल म्हणजे जिने, स्टेशनजवळ होता तो टांगा, आणि दोन्ही म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पाण्यात.

हे पाटासमोर येऊन उभे राहिले. मी दारातून बघत होते. हात पुढं गेला, मागं आला. मला कळत होतं ते कशाला घाबरले होते. मीही घाबरले होते. दोन वेळा सगळं नीट करूनही हातात काही आलं नव्हतं. आता देवाचं उचलून करायचं, आणि काही बरंवाईट झालं तर जन्मभर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? मी खोटं नाही सांगत, त्या घटकेला मीही "उचला" म्हणाले नाही.

सासूबाई आतून आल्या. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं. मग खाली बसल्या, मोठा पाना उचलला, पदरानं त्याचं हळदकुंकू पुसलं आणि ह्यांच्या हातात दिला. "बघतंस काय मेल्या? उचल सगळा. हत्यारां वेळेक उपयोगी पडूचीत म्हणानच पूजतत." मग पाटाकडं वळून हात जोडले आणि आमच्याशी बोलल्या त्याच आवाजात देवाशी बोलल्या, "दोष लागलोच तर माका लागांदे. ह्यांका नको."

मग काय विचारता! चाळीतले पुरुष जमले, कुणी चाक धरलं, कुणी स्लीपर ओढले. तो दुसरा शॉक ह्यांनी कसा आवळला ते त्यांनाच ठाऊक. मला उचलूनच पुढं बसवलं. सासूबाई माझी कंबर धरून शेजारी. हे खड्डा दिसला की गाडी जवळजवळ थांबवायचे आणि मला विचारायचे, "लागलं का?" विक्रोळीच्या पुढं मी ओरडले, "रस्त्याकडं बघा हो!" पण खरं सांगते, गाडी डुलत होती, आदळत नव्हती. दिवेलागणीला दवाखान्यात मुलगी झाली. रडली. तो आवाज ऐकायला मी किती आसुसले होते, ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

सासूबाईंनी मुलीला दुरून बघितलं. घेतलं नाही. मला वाटलं, सोयर आहे, कडक बाई आहेत. पण दहा दिवस गेले, बारसं झालं, तरी तेच. पाळण्यात घालायचं काकूंना सांगितलं आणि स्वतः चुलीपाशी उभ्या राहिल्या. पोर रडली तर मला हाक मारायच्या. माझं टाळकं सटकलं. मुलगी झाली म्हणून हे नखरे! एक दिवस दुपारी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मुलगा असता तर घेतला असतात ना?"

त्या हळू म्हणाल्या, "माका नको काय गो ह्या चेडू? त्या दिवशी मी देवाकडे मागान घेतलंय, दोष माका लागांदे म्हणान. अजून माका काय झाला नाय. म्हणजे तो माझ्या हातातच बसान असतलो. चेडवाक घेतलंय आणि तेका लागलो तर?"

इतके दिवस ही बाई रोज सकाळी उठून आपल्याला काय होतंय याची वाट बघत होती. आणि आपल्या हातातला दोष तिला लागेल म्हणून तोवर नातीला हात लावत नव्हती.

समजूत घालणं मला जमत नाही, मी काहीतरी करून बसते, तसंच केलं. मुलगी त्यांच्या पुढ्यात धरली आणि म्हटलं, "आई, माझे हात भरून आलेत. मी सोडतेय हां."

"अगो, सोडू नको!"

मी सोडली. त्यांना धरावीच लागली. पोरीला छातीशी घट्ट आवळून त्या मोठ्यानं रडायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की हे ट्रकखालून पळत आले. "काय झालं? काय झालं आईला?"

"काही नाही," मी म्हटलं. "आजीनं नात घेतलीय."